खांबवाले नानामामा

नानामामांबरोबर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जायचं असेल तर घरून जेवून निघावं. हॉर्निमन सर्कलच्या समोर पहिली पायरी चढल्यापासून पुस्तकांच्या कपाटापाशी पोचेपर्यंत दीड तास सहज जातो. पायऱ्या तीसच आहेत, पण मामा दर पाचवीला थांबतात. गुडघ्यांमुळे नव्हे, तिथून खांब ‘वेगळे दिसतात’ म्हणून.

मामा बँकेतून निवृत्त होऊन डोंबिवलीला स्थायिक झालेत. महिन्यातून दोनदा फास्ट लोकल पकडून सीएसएमटीला उतरतात आणि चालत टाउन हॉल, म्हणजे एशियाटिकची इमारत, गाठतात. गावाहून कोणीही आलं की त्याला ही वारी चुकत नाही. आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिल्यावर मामांनी तिला थेट खांबांपुढे उभं केलं.

“काय गं, स्पष्ट दिसतंय ना?”

“दिसतंय रे. पण हे इतके जाड कशाला?”

आत्याने हे विचारायला नको होतं. मामांनी छत्रीचं टोक वर उचललं. “आठ आहेत, मोज. हा डोरिक. याच्या पायाशी बघ, बैठक नाही. ग्रीक डोरिक अनवाणी उभा राहतो.” मग लॉटरी आली. ही इमारत उभारायला लॉटरी काढली होती. पण तेवढ्याने भागेना, तेव्हा सरकारने हात दिला. कर्नल टॉमस काउपरचा आराखडा. काम 1821 मध्ये सुरू झालं, 1833 मध्ये पुरं झालं. “बारा वर्षं!” मामा म्हणाले. “आमच्या सोसायटीचा पुनर्विकास बघता वेळेआधीच म्हणायचं.” विलायतेहून आलेले काही खांब फारच मोठे निघाले, ते भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला देऊन टाकले, अशी एक कथा सांगतात. मामा ती सांगतात तेव्हा व्हाउचरवर सही त्यांनीच केली होती असं वाटतं.

एव्हाना आत्या पायरीवर बसून पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की खात होती.

आत गेल्यावर पहिला नमस्कार जगन्नाथ शंकरशेटांच्या पुतळ्याला. “हेही नाना, आम्हीही नाना,” एवढं पुटपुटून मामा लाकडी जमिनीकडे वळतात, मग लोखंडी गोल जिन्याकडे, मग पंख्याकडे. इथे वर्षानुवर्षं बसून दुर्गाबाई भागवतांनी अभ्यास केला, हे ते अभिमानाने सांगतात. कसला अभ्यास, असं विचारलं तर म्हणतात, “खिडकीतून उजेड कसा येतोय बघ. अशा उजेडात कोणीही विद्वान होईल.”

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं जुनं हस्तलिखित एशियाटिककडे आहे, आणि त्यासाठी मुसोलिनीने दहा लाख पौंड देऊ केले होते म्हणतात. ही गोष्ट मामांच्या तोंडून मी निदान वीस वेळा ऐकलीय. एकदा न राहवून विचारलं, “मामा, तुम्ही वाचलीत का ती?”

“मुसोलिनीने तरी वाचली होती का?”

खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत मामांच्या हातात तिथलं एकही पुस्तक मी पाहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात मात्र घोटाळा झाला. काउंटरवर नवीन मुलगी होती. तिने अगदी अदबीने विचारलं, “काका, तुम्ही नेहमी येता. पुस्तक कुठलं काढून देऊ?”

रोखीत तूट आल्यावर कॅशियरचा चेहरा होतो तसा मामांचा झाला. पण माघार घेतील तर ते मामा कसले! त्यांनी कार्डांचा एक खण ओढला, डोळे मिटल्यासारखं करून हाताला आलेल्या कार्डावरचा नंबर चिठ्ठीवर उतरवला आणि खाली झोकदार सही ठोकली.

वीस मिनिटांनी पुस्तक आलं. जाड, निळ्या कापडी बांधणीचं, पाठीवर पुसट सोनेरी अक्षरं. मामांनी ते टेबलावर उभं केलं. दोन पावलं मागे सरून पाहिलं. मान कलती केली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“काय प्रमाणबद्ध आहे!” ते हळूच म्हणाले. “आणि यालाही बैठक नाही.”

“मामा, उघडा तरी.”

“तू उघड.”

मी उघडलं. पानं उलटेनात. छापील कागदाच्या घड्या जशाच्या तशा होत्या. पूर्वी वाचक सुरी घेऊन बसायचा आणि वाचता वाचता घड्या कापत जायचा, तशातलं हे पुस्तक. पहिली सोळा पानं कोणीतरी नीट कापली होती. सतराव्यापासून शेवटपर्यंत सगळं बंद.

म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी एक गृहस्थ तीस पायऱ्या चढून इथे आला, खिडकीपाशी बसला, सोळा पानं त्याने वाचली, आणि मग त्याची नजर वर छताकडे गेली असणार. ती काही परत खाली आली नाही.

मी पुस्तक मामांपुढे सरकवलं. त्यांनी त्या बंद घड्यांवरून बोट फिरवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मान डोलावून म्हणाले,

“सोळा वाचली? चिकाटीचा माणूस.”