पाठीला डोळे

मार्च १९९१. दिल्लीत १०, जनपथ या बंगल्याबाहेर साध्या वेशातले दोन हरियाणा पोलीस सापडले. बंगला राजीव गांधींचा. आमच्या नेत्यावर पाळत ठेवता काय, म्हणून काँग्रेस खवळली. चंद्रशेखर यांचं सरकार काँग्रेसने बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं आणि हवालदारही बाहेरच उभे होते. २ तारखेला ते सापडले, ६ तारखेला पंतप्रधानांनी राजीनामा दिला. हे निव्वळ निमित्त होतं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण निमित्ताचं वजन बघा. कुणीतरी घराबाहेर उभं राहून आपल्याकडे बघतंय, एवढ्या कारणावरून या देशात सरकार पडू शकतं.

अट एकच. ज्याच्याकडे बघितलं जातंय तो माजी पंतप्रधान असावा.

एरवी हाच प्रकार प्रत्येक गावात, शिकवणीच्या क्लाससमोरच्या कट्ट्यावर, रोज संध्याकाळी चालतो. तिथे सरकार सोडा, स्टँडवर लावलेली बाइकसुद्धा हलत नाही. तोडगा एका वाक्याचा असतो आणि तो मुलीला सांगायचा असतो: ‘तू लक्ष नको देऊस.’

लक्ष देणं हीच ज्यांची नोकरी, त्या हेरांचं मात्र आपल्याला केवढं कौतुक! पाठलाग ओळखायचा कसा आणि चुकवायचा कसा, याचं रीतसर प्रशिक्षण असतं. मागे वळून बघायचं नाही. पळायचं नाही. भेटीच्या जागी सरळ जायचंच नाही. तासन्‌तास आडवळणाने हिंडायचं, पण प्रत्येक वळणाला कारण हवं. इथे चहा, तिथे पोस्टाची तिकिटं, पुढे बस बदलायची. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी तोच चेहरा दिसला, की समजायचं. चेहरा लक्षात राहत नसेल तर बूट बघायचे. मागावरचा माणूस टोपी बदलतो, जाकीट उलटं घालतो, पण रस्त्यात बूट बदलायला त्याला सवड नसते.

या विद्येतला माझा लाडका विद्यार्थी म्हणजे एडवर्ड ली हॉवर्ड. सीआयएने त्याला मॉस्कोसाठी तयार केला, पाठलाग चुकवायच्या सगळ्या युक्त्या शिकवल्या आणि तिकडे पाठवायच्या आधीच, १९८३ मध्ये, पॉलिग्राफ चाचणीचं निमित्त होऊन नोकरीवरून काढला. नोकरी परत घेता येते, शिकवलेलं परत घेता येत नाही. १९८५ च्या सप्टेंबरात रशियाला माहिती विकल्याच्या संशयावरून एफबीआय त्याच्या न्यू मेक्सिकोतल्या घरावर पाळत ठेवून होती. हा बायकोबरोबर बाहेर जेवायला गेला. परतताना बायकोने एका वळणावर वेग कमी केला, याने गाडीतून उडी टाकली आणि त्याच्या सीटवर एक विग घातलेला बाहुला बसला. घरी आल्यावर बायकोने फोन लावून नवऱ्याचा आधीच टेप केलेला आवाज ऐकवला, म्हणजे फोन चोरून ऐकणाऱ्यांना वाटावं की साहेब घरातच आहेत. सगळं चोख.

नंतर कळलं ते असं की पहाऱ्यावरच्या एफबीआयवाल्याला ही जोडी घरातून बाहेर पडलेलीच दिसली नव्हती. बाहुल्याने सगळा प्रवास प्रेक्षकांविना केला. हॉवर्डला पुढच्या वर्षी सोव्हिएत युनियनने आश्रय दिला. सीआयएने मॉस्कोसाठी तयार केलेला माणूस अखेर मॉस्कोतच रुजू झाला, फक्त खातं बदललं.

आता रात्री पावणेदहाला डोंबिवली स्टेशनातून बाहेर पडणारी कुठलीही बाई घ्या. मागच्या चपला आपल्या चालीने वाजताहेत, हे तिला न वळता कळलेलं असतं. ती चाल मंदावते. चपलाही मंदावल्या की शंका फिटली. ती रस्ता ओलांडते. मेडिकलमध्ये शिरून घरात चार पडलेल्या असताना क्रोसिनची पाचवी पट्टी घेते आणि काचेच्या कपाटात मागचा फुटपाथ बघून घेते. चार्जिंग संपलेल्या फोनवर ‘हो दादा, कोपऱ्यावर आलेय, खाली उतर’ असं खणखणीत बोलते. दादा नाशिकला असतो, किंवा नसतोच. आणि सोसायटीचं गेट आलं तरी आत न वळता सरळ पुढे जाते, कारण घर दाखवायचं नसतं. हा शेवटचा धडा हेरांना गिरवून घ्यावा लागतो. आपल्याकडे तो सातवीतल्या मुलीला पाठ असतो.

हेराला यासाठी पगार, परदेश भत्ता आणि निवृत्तीनंतर आठवणींचं पुस्तक मिळतं. बाईला ‘एवढा उशीर का?’ मिळतं.

एका बाबतीत मात्र तिने हेरांचं ऐकू नये. आपल्याला पाठलाग कळलाय हे हेर कधीच दाखवत नाही. बाईने खुशाल दाखवावं. गर्दीच्या दुकानात थांबावं, मोठ्याने बोलावं, ११२ फिरवावा, चौकी जवळ असेल तर सरळ तिकडे वळावं. मागचा माणूस अंधाराच्या भरवशावर आलेला असतो, सीआयएच्या नव्हे.

कायदा आहे ना, असं म्हणणारे या टप्प्यावर हात वर करतात. आहे की. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या बलात्कारानंतर, २०१३ मध्ये पाठलाग हा पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा झाला: कलम ३५४-ड. आता भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७८ म्हणून नांदतं. त्या विधेयकावर लोकसभेत चर्चा चालू असताना शरद यादव यांनी सभागृहाला सवाल केला होता, की आपल्यापैकी मुलींच्या मागे कोण गेलेलं नाही? इतका प्रामाणिक प्रश्न संसदेत क्वचित येतो. पहिला गुन्हा जामीनपात्र ठरला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत आणि जामीन हक्काने नाही. म्हणजे पहिला पाठलाग हा शिकाऊ परवान्यावरचा.

त्यात आणखी एक गंमत. बाईने नाराजी स्पष्ट दाखवूनही पुरुष वारंवार संपर्क साधू लागला, तर तो पाठलाग, अशी कलमाची भाषा आहे. ज्याला चुकवायला पाचवी क्रोसिन घेतली, त्याला आधी गाठून नाराजी स्पष्ट करायची. आणि केली समजा. आपल्या सिनेमात नायिकेची नाराजी मध्यंतरापुढे टिकलेली कुणी पाहिली आहे?

हे झालं पायी पाठलागाचं. आता चपला वाजायची गरज उरलेली नाही. २०२१ मध्ये अ‍ॅपलने हरवलेल्या किल्ल्या शोधायला एअरटॅग काढला, दहाच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा. काही लोकांच्या लेखी किल्ल्यांपेक्षा बायका जास्त हरवत असाव्यात, कारण तो लवकरच पर्सच्या अस्तरात आणि गाडीच्या कोपऱ्यात सापडू लागला. सुरुवातीला हा टॅग मालकापासून तीन दिवस दूर राहिला, तरच आवाज करायचा. तीन दिवसांत माणूस घर, ऑफिस, माहेर सगळं दाखवून मोकळा होतो. ओरडा झाल्यावर मुदत ८ ते २४ तासांवर आली, आणि मे २०२४ पासून आयफोन असो वा अँड्रॉइड, अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना फोनच देऊ लागला. ती आली तर झटकून टाकू नका. टॅग सापडला तर फोटो काढा आणि पोलिसांकडे जा. गाडीचोरी रोखायला म्हणून मिळणारे सिमकार्डवाले जीपीएस डबे मात्र अशी काही वर्दी देत नाहीत. ते सीटखाली, बंपरच्या आत, स्टिअरिंगखालच्या सॉकेटपाशी हाताने चाचपावे लागतात.

पण खरं सांगू? एवढा खर्च करायची गरजच पडत नाही. समोरचा आंघोळीला गेला, की त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आपल्या लॅपटॉपवरचा चौकोन स्कॅन करायचा, काम फत्ते. सगळी वाक्यं घरबसल्या. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ नावाची खोली आहे, तिथे कोण बिऱ्हाडाला आलंय ते एकदा बघा. अनोळखी पाहुणा दिसला तर लॉगआउट करा. मात्र हाकलल्याचं त्याला कळतं, आणि तो तुमच्याच घरात जेवतो. त्यामुळे जिथे मारझोडीची भीती आहे, तिथे आधी स्क्रीनचा फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये, मग सुरक्षित जागा, आणि बटण सगळ्यात शेवटी.

कौटिल्याने हेरांचे प्रकार लावताना तापस घेतला, व्यापारी घेतला, भिक्षुकी घेतली. कुणाला संशय येणार नाही अशी माणसं त्याने वेचून घेतली, पण हितचिंतक हा प्रकार त्याच्या नजरेतून सुटला. हितचिंतक सगळं काळजीपोटी करतो. मुलगी कॉलेजला जायला लागली, की तो तिच्या फोनवर लाइव्ह लोकेशन चालू करून देतो, कारण जमाना खराब आहे. कट्ट्यावरचा जमाना बाइकवर तसाच बसलेला असतो. त्याचं लोकेशन कुणी मागत नाही. तिने मागावरच्याला चुकवायला गल्ली बदलली, तर त्याच्या आधी घरून फोन येतो: ‘तिकडे कुठे वळलीस?’

हेराच्या पाळतीला निदान कागद लागतो. तेव्हाच्या, १८८५ च्या तार कायद्याखाली फोन ऐकायचे तर गृहसचिवांची सही हवी, तिचा फेरविचार करणारी समिती हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये बजावलं. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी मिळून खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. घरात मात्र सही, समिती आणि न्यायमूर्ती ही तिन्ही खाती एकाच माणसाकडे असतात. आज रात्री जेवायला बसलात की सगळ्यांना आपापले फोन ताटाशेजारी ठेवायला सांगा. ज्या एका फोनचं लोकेशन घरात कुणालाच दिसत नाही, तो कुणाचा आहे ते विचारा.