नाना अटॅचमेंट

आमच्या गावात नाना सात आहेत. नुसती 'नाना' अशी हाक मारली की सात ओट्यांवरून 'ओ' येते. म्हणून प्रत्येकाला जोडनाव आहे: नाना भजनी, नाना म्हशीवाला, नाना टेम्पो. सातव्या नानाचं जोडनाव गावाने ठेवलेलं नाही. एकच शब्द दिवसातून चाळीस वेळा उच्चारून त्याने ते स्वतः कमावलं. तो नाना अटॅचमेंट.

"मास्तर, चला, नवीन अटॅचमेंट आलीय!" अशी हाक फाटकातून आली की मी चपला शोधायला लागतो आणि आमची बायको कुकर बंद करते. आता दोन तास मी काही जेवायला येत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक आहे.

गाव भिवंडी तालुक्यातलं, अंजूरफाटा आणि माणकोली यांच्या अधलंमधलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मुंबई-नाशिक महामार्ग, आणि मधे नुसती गोदामं. पूर्वी इथे भाताची खाचरं होती आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल व्हायचा. मुंबईत माल शिरला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी तो वेशीबाहेर, आमच्या खाचरांत उतरवून ठेवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली. नानाच्या साडेचार एकरांतले अकरा गुंठे तेवढे आभाळाखाली राहिले. बाकीचे पत्र्याखाली गेले.

पैसे आले. आमच्याकडे पैसे आले की ते खर्चायचा एक क्रम ठरलेला आहे. आधी बंगला, मग पांढरी गाडी, मग गळ्यात चेन. नानाने तिन्ही गोष्टी मुकाट्याने केल्या. चौथ्या पायरीवर लोक सहसा निवडणुकीला उभे राहतात. नानाने ट्रॅक्टर घेतला.

तोही साधा नव्हे. २४ हॉर्सपॉवरचा, चारही चाकांना जोर असलेला, बुटका. असे ट्रॅक्टर नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या ओळींतून वाकून जायला घेतात. नानाने त्याला पुढे लोडर आणि मागे बॅकहो बसवून घेतला. पुढे सूप, मागे नांगीसारखा वाकडा हात, आणि मधे टोपी घातलेला नाना. गावाने त्याला 'बारका जेसीबी' म्हणून टाकलं. मी मास्तर असल्यामुळे मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "नाना, जेसीबी हे यंत्राचं नाव नाही, माणसाचं आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड. त्याच्या कंपनीने पुढे सूप आणि मागे हात असलेलं आपलं पहिलं यंत्र १९५३ साली काढलं."

"म्हंजे मोठ्या मानसाचा नाव हाय," नाना म्हणाला, आणि यंत्राला उगाच एक नमस्कार केला.

नानाचं तत्त्वज्ञान मात्र ट्रॅक्टरवर थांबणारं नाही. तो म्हणतो, "मास्तर, ट्रॅक्टर म्हंजे बैल. बैलाला कोन बगतं? मागं काय जुपलाय ता बगतात." मी पुन्हा मास्तरकी केली. अवजार ट्रॅक्टरला तीन जागी जोडायची आणि दांडीसरशी उचलायची ही तऱ्हा हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने जगात रूढ केली, म्हणजे सगळ्या अटॅचमेंटचा मूळपुरुष तोच, असं सांगितलं. नाना गंभीर झाला. "जयंती कवा असते त्याची?" मी पुस्तकात बघून सांगितलं, ४ नोव्हेंबर. तेव्हापासून दर ४ नोव्हेंबरला ट्रॅक्टरच्या टॉपलिंकला झेंडूचा हार असतो. दिवाळीतला उरला असेल असं लोकांना वाटतं. खरं कारण आम्हा दोघांनाच माहीत आहे.

दर डिसेंबरात नाना मोशीच्या किसान प्रदर्शनाला जातो. जाताना पिशवी रिकामी असते, येताना तिच्यात अकरा किलो माहितीपत्रकं असतात. श्रावणात पोथी लावावी तशी तो ती लावतो. रोज संध्याकाळी एक पत्रक, आणि श्रोता मी. एकदा तिथल्या एका विक्रेत्याने त्याला फार शहाणपणाची गोष्ट सांगितली: चर जेवढा हवा तेवढ्याच रुंदीची बकेट लावावी, उगाच रुंद लावली तर माती जास्त निघते आणि ती परत भरायची मेहनतही आपलीच. दुसऱ्या कुणी यातून एक बकेट नीट निवडली असती. नानाने बोध घेतला तो असा की आपल्याकडे सगळ्या रुंदीच्या बकेटा पाहिजेत. नऊ इंची, फूटभर, दीड फुटी आणि दोन फुटी. पाण्याच्या पाइपाला नऊ इंची, गटाराला दीड फुटी.

"आणि दोन फुटी?"

"ती असूं द्या," नाना म्हणाला. घरात एक जादा पाट असावा, तशा सुरात.

मग खांबांचे खड्डे पाडायचं गिरमिट आलं. अकरा गुंठ्यांना तारेचं कुंपण घालायचं होतं, पंचेचाळीस खांब. गिरमिट पडघ्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून जुनं घेतलं होतं आणि ते मोठ्या ट्रॅक्टरचं निघालं. त्याच्या पिना २८ मिलिमीटरच्या आणि नानाच्या ट्रॅक्टरची भोकं २२ ची. पण हे गाव भिवंडीचं आहे. यंत्रमागाचे भाग घडवणारे लेथ इथे गल्लीगल्लीत आहेत. नाना पिना घेऊन एका लेथवाल्याकडे गेला. त्याने उलटसुलट करून विचारलं, "नाना, ये कौनसे लूम का पार्ट है?" नानाने अर्धा तास शेती समजावली. लेथवाल्याने पाच मिनिटांत पिना सोलून दिल्या.

पुढची अडचण लेथच्या पलीकडची होती. दोन फूट मुरूम गेला की आमच्याकडे काळा पत्थर लागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला तो हा. गिरमिट त्याला टेकलं की खटकन आवाज येई आणि फिरायचं थांबे. आत एक मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट असतो. खाली अडलं की तो तुटतो आणि महागाचा गिअरबॉक्स वाचतो. सात खड्ड्यांत नऊ बोल्ट तुटले. नाना कौतुकाने तो तुटका बोल्ट वहिनींना दाखवत होता, "बग, सोता तुटतो, पन बाकीच्याना काय होऊ देत नाय."

वहिनी सूप पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हाईत हाय मना. चाळीस वर्सं तीच नोकरी करतेय."

गिरमिट लावायचं म्हणजे मागचा बॅकहो काढावा लागतो. बॅकहो म्हणजे नुसतं खोदायचं हत्यार नव्हे. पुढचं सूप भरलं की मागची बाजू दाबून धरणारं वजनही तेच. हे पत्रकात बारीक अक्षरात असतं, आणि नाना मोठं अक्षर वाचतो. त्याने बॅकहो काढला, पुढे काठोकाठ मुरूम भरला, सूप उचललं आणि उतारावरून मारुतीच्या देवळासमोर आला. तिथे ट्रॅक्टरने मागची दोन्ही चाकं वर करून देवाला दंडवत घातला. पारावरची चार पोरं धावली आणि मागे लोंबकळली, तेव्हा चाकं जमिनीला टेकली. महिनाभर नाना माल वाहायला निघाला की आधी पोरं गोळा करायचा. मग पोरांनी वडापावचा दर वाढवला. शेवटी त्याने पत्र्याच्या पिंपात सळया आणि काँक्रीट ओतून वजन तयार केलं आणि मागे अडकवलं. गावात हीच एक अटॅचमेंट अशी की जिला कुणी नावं ठेवली नाहीत. कारण ती फुकट होती आणि चालली.

पण नानाची खरी कीर्ती झाली ती भाच्याच्या हळदीला. आमच्या आगरी हळदी तुम्ही पाहिल्या असतील. लग्नाला माणसं कमी असली तरी चालतं, हळदीला चालत नाही. नानाने जाहीर केलं की नवरदेव बकेटमधून येणार. बकेटमध्ये माणूस बसवू नये, हे चालवायच्या पुस्तकात चित्र काढून, वर लाल फुली मारून सांगितलेलं आहे. मी ते दाखवलंही. नाना म्हणाला, "ता मजुरांसाठी हाय. नवरदेवासाठी नाय."

लाल खुर्ची बकेटमध्ये ठेवली, वर नवरदेव बसवला. डीजे सुरू झाला. नानाचा एक हात दांडीवर, दुसऱ्या हातात रुमाल. इथे थोडं यंत्रशास्त्र सांगायला हवं. साध्या लोडरचे हात वर जायला लागले की बकेट आपोआप मागे कलत जाते. तिला सपाट ठेवायचं तर दांडी वर घेता घेता बाजूलाही द्यावी लागते, आणि त्याला लक्ष लागतं. नानाचं लक्ष रुमालात होतं. बकेट वर गेली. नवरदेव आधी आमच्याकडे बघत होता, मग समोरच्या गोदामाच्या छपराकडे, आणि शेवटी थेट चंद्राकडे. खुर्ची पाठीवर पडली होती, आणि मंडपातून दिसत होते ते फक्त त्याचे दोन तळपाय. करवलीने प्रसंगावधान राखून, शिडीवर चढून तळपायांना हळद लावली. पोरगा सुखरूप खाली आला, नाना जागचा हलला नाही. गर्दी ओसरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, चूक झाली. सेल्फ लेव्हलिंग घ्यायला हवा होता." पुढच्या डिसेंबरात त्याची चौकशी झाली.

गोदामांना भाड्याने देऊ म्हणून त्याने माल उचलायचे दोन लांब काटेही घेतले. गोदामांकडे स्वतःच्या फोर्कलिफ्ट असतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी तो काटे लावून महामार्गालगतच्या एका गोदामाच्या फाटकापाशी गेला, आणि मी शेजारी मडगार्डवर. रखवालदाराने गेट पास मागितला. नानाने ट्रॅक्टर बंद केला आणि आत बोट दाखवलं. "ता चार नंबरचा शटर बगा. त्याचे खाली आमची विहीर होती. आणि सात नंबरचे पुढं आईस वाल पेरायची." रखवालदार नवा होता, परप्रांतातला. त्याने रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, "किससे मिलना है?" नाना काही बोलला नाही. ट्रॅक्टर वळवायला त्याला त्या दिवशी बराच वेळ लागला.

बाकी अकरा गुंठ्यांची शेती ही बघण्यासारखी गोष्ट असते. जुलैत चिखलणीला लोखंडी केजव्हील लावायची. डांबरी रस्त्यावरून ती चाकं चालवता येत नाहीत, म्हणून ट्रॉलीत घालून न्यायची आणि बांधावर बदलायची. चाकं बदलायला सव्वा तास, चिखलणीला वीस मिनिटं. त्यातली बारा वळण्यात जातात. कोपऱ्यांत ट्रॅक्टर पोचत नाही. तिथे वहिनी पदर खोचून कुदळ घेऊन उतरतात आणि नाना वरून त्यांना सूचना देतो. त्यानंतर दीड तास ट्रॅक्टर धुतला जातो.

आता मुख्य मुद्दा. एवढी अवजारं पावसात कशी ठेवणार? नानाने शेतातच पत्र्याची शेड बांधली, दीड गुंठ्याची. म्हणजे शेती उरली साडेनऊ गुंठे. तिच्यासाठी बकेटा चार, लोडर, बॅकहो, गिरमिट, काटे, रोटाव्हेटर, लेव्हलर, केजव्हील आणि काँक्रीटचं पिंप. गेल्या उन्हाळ्यात शेड पुरेना. नानाने आणखी एका गुंठ्यावर सुतळी बांधून खुंट्या ठोकल्या, आणि पत्र्याचं माप घ्यायला मला बोलावलं. मी टेपचं एक टोक धरलं, दुसरं टोक त्याने धरलं. मधे वहिनी येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या पायाखालच्या ढेकळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोदामवाल्यानी पन अशाच खुंट्या ठोकल्या होत्या."

नानाने टेप गुंडाळला. एकेक खुंटी उपटली आणि माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या दिवाणखान्यातला सोफा पडवीत आला. त्याच्या जागी गिरमिट उभं राहिलं, काटे टीव्हीखाली गेले, आणि दोन फुटी बकेटमध्ये वहिनींनी कांदे भरले. त्या बकेटला पहिल्यांदाच काम मिळालं.

तुम्ही कधी माणकोलीकडून आलात आणि नानाकडे गेलात, तर चहा गिरमिटाशेजारी स्टुलावर बसून प्यावा लागेल. गुडघे सांभाळा, त्याला धार आहे. जेवायचा आग्रह झाला तर नाही म्हणू नका. यंदा साडेनऊ गुंठ्यांत चार पोती भात झालं, आणि पाहुण्याला ताटात तेच वाढतात.