उदगीरचा मिस्त्री

घरच्या घरी गाडी दुरुस्त करायला निघालेला माणूस पहिल्याच खेपेला आपटला तर वाचतो. आमच्या अण्णांची पहिली दुरुस्ती यशस्वी झाली.

हॉर्न वाजत नव्हता. अण्णांनी जळालेला फ्यूज उपटला, नवा बसवला आणि भर दुपारी निलंग्याच्या आमच्या गल्लीत हॉर्न दाबून धरला. झोपमोड झालेली माणसं बाहेर आली, त्यांना अण्णांनी खर्च सांगितला: पाच रुपये. त्या दिवसापासून तालुक्यातले यच्चयावत गॅरेजवाले त्यांच्या लेखी लुटारू ठरले.

अण्णा माझे चुलते. हायस्कुलात गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. म्हणजे वेळ भरपूर, तर्क त्याहून भरपूर. लातूरच्या गंजगोलाईतून त्यांनी पान्यांचा अख्खा सेट आणला. शेजारी वस्तू नेतात आणि विसरतात, म्हणून एकेका पान्यावर भांडीवाल्याकडून नाव घालून घेतलं. तांब्या-पातेल्यांवर नावं घालणाऱ्या त्या माणसानं सवयीनं विचारलं, "कुणाच्या स्मरणार्थ?" अण्णांनी तो शकुन ओळखायला हवा होता.

थोडा दोष गाडीच्या घडणीलाही द्यावा लागेल. मारुती 800 ची पहिली चावी 1983 च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीत दिली गेली आणि 2014 मध्ये ती गाडी बंद झाली. मधल्या तीस वर्षांत तिनं हजारो सभ्य गृहस्थ बिघडवले, असं माझं मत आहे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं एवढंसं इंजिन. बॉनेट उघडलं की सगळं समोर, हात घालायला ऐसपैस जागा. आजच्या गाडीत वर प्लॅस्टिकचं झाकण असतं. माणूस ते बघतो, मान हलवतो आणि बॉनेट लावून टाकतो. मारुती मात्र माणसाला आत बोलवायची. अण्णांची एमएच 24 पासिंगची जुनी पांढरी मारुती तर आग्रहच करायची.

पुढची मोहीम ऑइल बदलण्याची. मी बॅटरी धरायला. घरच्या दुरुस्तीत बॅटरी धरणाऱ्याला पगार नसतो, शिव्या असतात. अण्णा गाडीखाली गेले, एक बोल्ट सोडला आणि परातीत मधासारखं स्वच्छ ऑइल पडलं. वास जरा उग्र होता, पण अण्णा प्रसन्न. "बघ, इतकी हजार किलोमीटर चालून ऑइल काळं नाही. ह्याला म्हणतात गाडी चालवणं!" बोल्ट आवळून त्यांनी वरून नव्या ऑइलचा डबा रिकामा केला.

मारुतीत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी असतात आणि खाली दोघांना आपापला बोल्ट असतो. अण्णांनी सोडला तो गिअरबॉक्सचा. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा ठाक आणि इंजिनात जुनं अधिक नवं असं दुप्पट ऑइल. बसस्टँडच्या दिशेनं निघाल्यावर गाडी आधी कण्हली, मग मागून एवढा धूर निघाला की डासांची फवारणी आली समजून पोरं आरडाओरडा करत मागं धावली. अण्णांना काच खाली करून त्यांच्यावर ओरडताही येईना. धूर आत आला असता.

गाडी ढकलत मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री अण्णांचाच जुना विद्यार्थी; तालुक्याच्या गावी मास्तराला परका मिस्त्री मिळणं अवघड. दहावीला गणितात पस्तीस पडलेला. त्यानं डिपस्टिक काढली, बघितली, पुसून परत घातली, परत बघितली आणि जगातले सगळे मिस्त्री विचारतात तो प्रश्न विचारला.

"सर, आधी कुणी हात लावलता ह्येला?"

पस्तीसवाल्यासमोर "मीच" म्हणणं अण्णांच्या जिभेला जमलं नाही. इकडंतिकडं बघून ते म्हणाले, "उदगीरच्या एका मिस्त्रीनं."

अशा रीतीनं उदगीरचा मिस्त्री जन्माला आला. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. त्यानंतर एवढी नासधूस त्या गावाच्या नावावर कुणी मांडली नसेल.

काकूंनी गाडीला हात लावायची बंदी घातली, तर अण्णांनी इतिहास काढला. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, दोन पोरांना घेऊन, नवऱ्यानंच बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत घेऊन गेली. वाटेत इंधनाची नळी चोंदली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. "म्हणजे मोटारीची पहिली दुरुस्ती घरच्याच माणसानं केलीय," अण्णा म्हणाले.

"बाईनं केली म्हणून जमली," काकू म्हणाल्या.

मग प्लग. अण्णांनी तिन्ही प्लग काढून लखलखीत केले, पण कुठली वायर कुठल्या प्लगची, ही खूण करायची राहिली. अण्णा डगमगले नाहीत. तीन वायरी तीन जागी सहाच प्रकारांनी लागतात, त्यातला एकच बरोबर. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं तक्ता आखला. चुकीच्या पाचांपैकी तीन प्रकारांत एखादी वायर योगायोगानं आपल्या जागी बसते. तेव्हा इंजिन हुडहुडी भरल्यागत थरथरायचं आणि अण्णांच्या डोळ्यांत आशा चमकायची. उरलेल्या दोनांत एकही वायर जागेवर नसते. तेव्हा सायलेन्सरमधून असा बार निघायचा की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघायची. बरोबर जोडणी तक्त्यात पाचवी होती. पण तिथवर पोचेस्तोवर स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली होती. गाडीनं हूं की चूं केलं नाही आणि अण्णांनी बरोबर उत्तरावरच काट मारली. मग सहावीवरही. नंतर बराच वेळ ते तक्त्याकडं बघत राहिले. "गणितानं बघितलं," ते म्हणाले, "तर ही गाडी सुरू होऊच शकत नाही."

मिस्त्रीनं दुसरी बॅटरी लावली, वायरी जोडल्या. "एक-तीन-दोन. ह्या क्रमानं जाळ पडतो, सर." गाडी सुरू झाली. कपड्याला हात पुसत तो पुढं म्हणाला, "उदगीरवाल्याचं गणित कच्चं दिसतंय." अण्णांनी पैसे काढताना मान वर केली नाही.

हळदीचं प्रकरण मे महिन्यातलं. रेडिएटर किंचित गळत होता. ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे: रेडिएटरच्या पाण्यात चमचाभर हळद टाकायची, ती बारीक भोकात बसते आणि गाडी गॅरेजपर्यंत पोचते. चमच्यानं गॅरेज गाठता येत असेल तर वाटीनं गॅरेज टाळता येईल, हे अण्णांचं त्रैराशिक. घरात वसमतची हळद होती. काकू देवळात गेलेल्या बघून त्यांनी दोन वाट्या ओतल्या. भोक बुजलं. रेडिएटरच्या सगळ्या बारीक नळ्याही बुजल्या.

औराद शहाजनीच्या लग्नाला निघालो होतो. रस्त्यात काटा लालवर गेला. रेडिएटरचं झाकण कुकरच्या झाकणासारखं दाब धरून ठेवतं, त्यामुळं आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघालं की मात्र एकदम उसळतं. गाडी गार होऊ द्या, असं मी म्हणालो. अण्णा म्हणाले, मुहूर्त थांबत नाही. त्यांनी पंचा धरून झाकण फिरवलं आणि बॉनेटच्या वरपर्यंत पिवळं कारंजं उडालं. नशीब, ते वेळेवर मागं सरकले; मनगटावर दोन फोड आले, तेवढ्यावर निभावलं. बाकी पांढरा शर्ट, पांढरं धोतर, चष्मा, मिशा, सगळं हळदीचं.

एका जीपनं आम्हाला मांडवात सोडलं. दारातल्या म्हातारीनं अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत ओरडली, "अगं, नवरदेव ह्या वयाचा हाय व्हय?" काकू आमच्या आधी दुसऱ्या गाडीनं पोचल्या होत्या. त्यांनी अण्णांकडं बघितलं, वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "माझी हळद होती?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं रेडिएटर खोलला. दिवसभर पिवळा चिखल निघत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून तो दाखवत होता. "उदगीरवाल्यानं गाडीला हळद लावलीय. अक्षता कवा हायत, तेवढं विचारा." अण्णा स्टुलावर बसून पेपर वाचत होते, तो उलटा होता की नाही, हे मला बसल्या जागेवरून दिसलं नाही.

संध्याकाळी बिल झालं. निघताना मिस्त्रीनं हाक मारली. इंजिनाच्या खालच्या कोपऱ्यात अडकलेला एक दहाचा पाना त्याला सापडला होता. त्यानं तो रॉकेलनं स्वच्छ धुतला, पुसला, त्यावरचं नाव उजेडात धरून सावकाश वाचलं आणि अण्णांच्या हातात दिला.

"सर, उदगीरवाल्याचा पाना राहिलाय आत. तेवढा पोचता करा त्येला."

"परवा जाणारच आहे उदगीरला," अण्णा म्हणाले आणि पाना खिशात टाकला.