वस्तीवर राहायला येताय? मग हे वाचा

माणदेशात घर बघताय, चांगलं आहे. जत, आटपाडी, माण, सांगोला, तालुका कोणताही धरा. पाऊस सह्याद्रीपलीकडेच बराचसा उतरून घेतो. इकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या सवडीनं. तेव्हा खिडकीतून काय दिसतं ते राहू द्या, टँकर दारापर्यंत वळतो का ते पाहा. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी पोचलेल्या गावांना हा धडा लागू नाही. तिथं आता डाळिंब आणि ऊस बोलतात.

पहिल्याच दिवशी विचारतील, "पाव्हणं, कुणीकडचं?" 'पुण्याचा' हे उत्तर धरत नाहीत. आजोळ, सासुरवाडी, मावशीचा दीर असं करत कुठं तरी सोयरिक लागेपर्यंत चौकशी चालते. लागली की चहा येतो. नाही लागली तरी येतो, फक्त चौकशी संपत नाही.

तुम्ही मात्र "मेंढरं किती?" असं विचारू नका, ते पगार विचारल्यासारखं होतं. "यंदा चाऱ्याचं कसं?" विचारा आणि बसून घ्या, उत्तर लांबतं.

शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि तो जमिनीतल्या ओलीवर, थंडीवर वाढतो. नवखा माणूस कणसाचं कौतुक करतो, गावकरी ताटाची उंची बघतो. भाकरीइतकीच काळजी कडब्याची, कारण उन्हाळ्यात दावणीच्या जनावरांचा जीव त्यावर. मालदांडी ज्वारी टिकून आहे ती उगाच नाही. हुरडा मागून खाऊ नये. आगटीजवळ नुसतं उभं राहावं, कुणी तरी हातावर घालतंच. (पैसे देऊन हुरडा खायचा असेल तर हमरस्त्यावर परत जा.)

मेंढरं रात्री रिकाम्या रानात बसवतात. लेंडीखत आयतं पडतं म्हणून रानमालक धनगराला धान्य किंवा पैसे देतो. नुसतं झोपून कमाई करणारं या मुलखात दुसरं कुणी नाही. दिवाळीनंतर धनगरांचे बरेच वाडे, म्हणजे कळपांसह कुटुंबं, चाऱ्यामागं बाहेर पडतात. घरांना कुलपं दिसली म्हणून 'ओसाड गाव' असा व्हिडिओ टाकू नका. पावसाळ्याच्या तोंडाला ती माणसं परत येतात, आणि त्यांच्याकडेही फोन असतात.

माडग्याळी मेंढ्याच्या बाकदार नाकाला हसू नये. तसल्या नाकाचा देखणा नर लाखांत विकला जातो. फोटो काढताना तो चार पावलं मागं सरकला, तर तो भ्यायला असं समजू नका. धडकेसाठी जागा करतोय. फोन खिशात घाला आणि आडवं पळा.