मानेचा प्रश्न

"दाराला की खिडकीला?" वखारवाल्याने विचारलं.

"मानेला," मी म्हणालो.

त्याने माझ्या मानेकडे काळजीने पाहिलं आणि आतल्या माणसाला हाक मारली.

गिटारच्या मानेला, हो. लांबी 30 इंच, रुंदी 3, जाडी 1. हिशेब करूनच गेलो होतो: एका घनफुटाचा जेमतेम एकोणिसावा हिस्सा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात एवढ्याशा मालाला कोणी तोंड उघडत नाही. "एवढा तर आमचा भुसा पडतो साहेब," तो म्हणाला, आणि चहा मात्र पाजला.

तयार मान विकत मिळते, मला ठाऊक आहे. पण गेली अकरा वर्षं माझी एफ कॉर्ड बसत नाही. एवढ्या काळात दोष बोटांचा असता तर तो कुणाच्या तरी लक्षात आला असता, असा विचार करून मी दोष लाकडावर ढकलला होता आणि स्वतःच गिटार बांधायला घेतली होती. मग सुरू झाला अभ्यास. मेपल कडक, महोगनी मऊ स्वराची, शिसवी गंभीर, सागवान तेलकट म्हणून सरस नीट धरत नाही. दोन महिन्यांत मी दिसेल त्या लाकडावर टिचकी मारून, डोळे मिटून "हं, मिडरेंज" म्हणू लागलो. पोळपाटातही मला मिडरेंज ऐकू आली. बायकोने लाटणं उचललं तेव्हा त्याचा स्वर तपासायला मी थांबलो नाही.

खरं तर मानेकडून अपेक्षा साधी असते. सहा तारा मिळून साधारण 45 किलोंनी ओढतात, म्हणजे तांदळाचं पोतंच रात्रंदिवस लटकलेलं. लाकूड वाळलेलं हवं, रेषा सरळ हवी, गाठ नको. पण एवढंच सांगितलं तर पाहुण्यांसमोर बोलायला काय उरतं?

पाहुण्यांसमोर मी ब्रायन मे सांगतो. क्वीन बँडचा गिटारवाला. 1963 साली, शाळकरी वयात, वडिलांबरोबर त्याने घरीच गिटार बांधायला घेतली. मानेसाठी लाकूड कुठलं, तर कुणाच्या तरी घरातून टाकून दिलेल्या शेकोटीच्या चौकटीची महोगनी! तिला वाळवीसारख्या किड्याने भोकं पाडलेली, ती त्याने काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. पट्टीवरचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. स्वर हलवायच्या दांडीचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलीच्या. हीच गिटार घेऊन तो जगभर फिरला आणि मधल्या वेळात खगोलशास्त्राची पीएच.डी.ही उरकली. माझ्या मधल्या वेळात मी फक्त पाहुण्यांना हे सांगतो. तर मुद्दा असा की, त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला. पियानो तिथेच, पहिला बँड तिथेच. आणि तो वर पाचगणीत पियानो बडवत होता त्या काळात खाली पसरणी घाटाच्या पायथ्याशी, वाईत, माझे बाबा रोज रात्री नऊ वाजता वाड्याच्या दाराला अडसर लावत होते. घराण्याचा आणि क्वीनचा संबंध इतका जवळचा.

तो अडसर आमच्याकडे आहे. पाच फूट लांब, तीन इंच चौकोनी, शंभर वर्षं वाळलेला. वाडा पडला तेव्हा कुणी घंगाळ नेलं, कुणी नक्षीचे खांब नेले आणि त्यावरून दोन चुलत घरं अजून बोलत नाहीत. बाबांनी फक्त अडसर मागितला. एसटीत कंडक्टरने त्याचं सामानाचं तिकीट फाडलं. आता तो आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभा असतो. दाराला लॅच आहे.

कॉलेजात असताना मी शेवटच्या एसटीने यायचो. घरी पोचायला बारा वाजायचे. दार ढकललं की उघडायचं. अडसर भिंतीला टेकलेला, बाबा ओटीवर भिंतीकडे तोंड करून घोरत. मी आत गेलो की घोरणं थांबायचं आणि मागून अडसर सरकल्याचा आवाज यायचा. उशीर का झाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

"घे की," परवा ते म्हणाले. "बर्मा सागवान आहे. तसलं आता मिळत नाही."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकतोय. अडसर सुताराकडे नेला. त्याने रंधा एकदा फिरवला, तो उडाला. दुसऱ्यांदा फिरवला आणि पातं तपासलं.

"सागवान कुठलं साहेब? बाभूळ आहे ही."

बाभूळ! बैलगाडीच्या चाकाची!

"मग मान होणार नाही?"

"होईल की. सरळ आहे, गाठ नाही. माझी पाती जातील तेवढी. त्याचे वेगळे घेईन."

घरी आलो. बाबा दारातच.

"काय म्हणाला सुतार?"

"बर्मा सागवान म्हणाला."

"मग!" बाबा म्हणाले, आणि शेजारच्या जोशीकाकांना सांगायला गेले.

गिटार झाली. बाभूळ जड, त्यामुळे हात सोडला की मान जमिनीकडे झुकते. एफ अजून बसत नाही. पण आता लाकडाला नावं ठेवायची सोय राहिलेली नाही. बाबा ऐकत असतात.