'शाडेनफ्रॉइड'ला हात लावू नका

जर्मन कथांचं इंग्रजीत भाषांतर करताना 'शाडेनफ्रॉइड', म्हणजे दुसऱ्याच्या फजितीचा आनंद, हा शब्द आला की मी तो तसाच ठेवते. संपादकाकडून मजकूर परत येतो तेव्हा तिथे 'ग्लोटिंग' बसलेलं असतं. या एवढ्याशा बदलाचा मला मनापासून राग येतो.

ग्लोटिंग म्हणजे दुसऱ्याच्या फजितीवर उघड उघड मिरवणं. शाडेनफ्रॉइडला तोंड उघडावं लागत नाही. परवाच्या कथेतला माणूस पडद्याआडून बघतोय. शेजाऱ्याची नवीकोरी गाडी नको तिथे लावली म्हणून उचलून नेताहेत. यात त्याचा काही हात नाही, तक्रारही त्याने केलेली नाही. शेजारी वर बघतो तेव्हा हा चेहरा पाडून हळहळतो, आणि आत 'बरी जिरली' म्हणून उकळ्या फुटत असतात. इथे 'ग्लोटिंग' घातलं की हळहळण्याचं सोंगच जातं, आणि कथा तर त्या सोंगावरच उभी आहे.

कोणी 'एपिकॅरिकसी' सुचवतं. मूळ ग्रीक शब्द ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात मत्सराच्या शेजारी सापडतो, नेथन बेलीच्या अठराव्या शतकातल्या इंग्रजी कोशातही तो आला. पण कोशाबाहेर कोणाच्या तोंडी रुळला नाही. वाचकाला तोही समजावून सांगावा लागणारच, मग रुळलेला शब्द काढून न रुळलेला का घ्यायचा?

रिचर्ड चेनेविक्स ट्रेंच या धर्मोपदेशकाने १८५२ मध्ये हा जर्मन शब्द इंग्रज वाचकांपुढे ठेवला, तोही भाषेत असा शब्द असावा याची खंत करत. तेव्हापासून ही भावना जर्मनांच्या माथी मारण्याची सवय लागली ती लागलीच. डच, डॅनिश, स्वीडिश या भाषांतही असेच घडवलेले शब्द आहेत, त्यांना कोणी बोल लावत नाही.

२७ जून २०१८ला फुटबॉलच्या विश्वचषकात दक्षिण कोरियाने जर्मनीला २-० हरवलं. १९३८ नंतर प्रथमच जर्मन संघ पहिल्या फेरीत गारद झाला. इंग्लंडच्या वृत्तपत्रांत तेव्हा हाच शब्द झळकला, आणि फुटबॉलच्या वाचकांना तो नीट कळला. त्याच वाचकांसाठी कथेतला शब्द का बदलायचा, हे मी दर वेळी समासात लिहून विचारते. उत्तर येत नाही, छापून मात्र 'ग्लोटिंग' येतं.