किलोमीटर नको, वॅट-तास सांगा

इलेक्ट्रिक सायकलच्या खोक्यावरचा ‘एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर’ हा ठळक आकडा विकणाऱ्यांनी आधी खोडावा. किलोमीटर ठरवतात रस्ता, वारा, पाठीवरचं दप्तर आणि चालवणाऱ्याचे पाय. दुकानदार खात्रीने सांगू शकतो ते एवढंच, की बॅटरीत वीज किती मावते. ती वॅट-तासांत मोजतात. तेच विचारा, आणि उत्तर आलं नाही तर दुकान बदला.

हिशेब पाचवीतला आहे. ३६ व्होल्ट गुणिले ७.५ अँपिअर-तास म्हणजे २७० वॅट-तास. पायडलला पाय न लावता नुसती मूठ पिळत गेलं, तर किलोमीटरला साधारण १२ वॅट-तास जातात; २२ किलोमीटरला खेळ खलास. पायडल मारत मोटरची नुसती मदत घेतली, तर सात-आठात भागतं आणि तीच बॅटरी ३५ च्या आसपास नेते. नांदेड शहरातून विष्णुपुरीला विद्यापीठात जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. नवी बॅटरी मूठ पिळत कशीबशी घर गाठेल. दोन उन्हाळे खाल्लेली गाठणार नाही, आणि मग ती जड सायकल ढकलत आणावी लागेल.

वेगाचंही तसंच. २० वरून २५ वर गेलात की हवेचा अडसर दीडपटीहून जास्त होतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी भुर्दंड. पंक्चरवाल्याकडे दोन मिनिटं थांबणं हा रेंज वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पण आपल्याकडचा खरा वैरी ऊन. मे महिन्यात नांदेड-लातूरला पारा ४२ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या सायकलची काळी बॅटरी त्याहून कितीतरी जास्त तापते. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून उन्हात ठेवली की तिची ताकद कायमची घटते. ४५ अंशांवर ती चार्ज करू नये, असं बहुतेक उत्पादकच सांगतात. म्हणून घरी आल्याआल्या चार्जर लावायचा नाही. आधी तिला थंड होऊ द्यायचं. बॅटरी निघत असेल तर काढून वर्गात सोबत न्यायची.

२५० वॅटच्या आतली मोटर आणि २५ च्या आतला वेग असेल तर लायसन्स लागत नाही, नोंदणीही नाही. अकरावी-बारावीच्या पोरांना ही सायकल म्हणूनच सोयीची. लातूरच्या शिकवण्यांना गावोगावची पोरं येतात, घरचे पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्या फीत भर उन्हातलं पार्किंग मिळतं, हे मला मुळीच पटत नाही. पालकांनी प्रवेशाच्या वेळी निकालाचे फलक वाचून झाले की सायकली कुठे लावायच्या ते विचारावं, आणि येत्या मार्चच्या आत तिथे छप्पर मागून घ्यावं.